बालाजीरावांनी नवी गाडी का घेतली?

फोन सुनंदानेच केला. सकाळची शाळा सुटत होती, मी स्टाफरूममध्ये चहाचा कप नुकताच हातात घेतला होता. "दाजी, हे गेले," एवढंच ती म्हणाली आणि मी काही बोलायच्या आत, "ताईला एकदम सांगू नका. अन् गाडी सावकाश चालवत या," असंही म्हणाली. सुनंदा माझ्या बायकोची धाकटी बहीण, म्हणजे बालाजीराव माझे साडू. आम्ही नवरा-बायको निघालो. लोहा मागे पडलं, अहमदपूर मागे पडलं... रेणापूरजवळच्या त्यांच्या गावात पोचलो तर अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती आणि दाराशी पांढरी कोरी पिकअप उभी होती. तिच्या बोनेटवरचं पूजेच्या वेळचं कुंकवाचं स्वस्तिक अजून पुरतं पुसलं नव्हतं. जुनी पिकअप मागे, रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीला लागून, लिंबाच्या झाडाखाली. माणसं हळू आवाजात बोलत होती. "सोन्यासारखी जुनी गाडी असताना ही कामून घेतली म्हणावं?" "तेच की. अन् दुखण्यातून उठल्यावर घेतली." मयताच्या घरी माणसाचं मन कुठं कुठं फिरतं कोण जाणे, पण खरं सांगायचं तर रडून झाल्यावर माझ्याही डोक्यात तोच प्रश्न होता.

प्रश्न पडायचं कारण असं, की जुन्या गाडीची बाजू बालाजीरावांइतकी कुणीच लावून धरली नसेल. त्यांची भाजीपाल्याची रोपवाटिका. टोमॅटो, मिरची, कोबी, वांगी यांची रोपं ट्रेमध्ये तयार करायची आणि शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन पोचवायची. वाढवायचं काम सुनंदाचं, पोचवायचं बालाजीरावांचं. गाडीत चढलेलं रोप उन्हात फार वेळ तग धरत नाही, त्यामुळे गाडी वाटेत अडली की सुनंदाचे महिनाभराचे कष्ट वाया. म्हणून फाट्यावरच्या हॉटेलात जुनी गाडी बरी की नवी, असा पिकअपवाल्यांचा जो रोजचा वाद चालायचा, तो बालाजीरावांच्या दृष्टीने नुसता टाइमपास नव्हता. कुणी नवी गाडी घेऊन यायचा, मागचा कॅमेरा दाखवायचा, मोबाईलवर गाडी कुठं उभी आहे ते दाखवायचा. बालाजीराव सगळं नीट बघून घ्यायचे, बटणं दाबून बघायचे, आणि मग म्हणायचे, "समदं झ्याक हाय. पण ती इंजिनाची पिवळी लाईट लागली की गाडी दम कामून खाती? मानसाला कणकण आली म्हणून तो मधीच बसतो का रस्त्यात?" मी तिकडे गेलो की हटकून नव्याची बाजू घ्यायचो, कारण माझी कार पट्टा लावला नाही तर टुंग टुंग करते आणि मला ते आवडतं. "सर, तुमची गाडी तुम्हाला बोलती," ते मला म्हणायचे, "आमच्या गाडीला आम्हीच बोलतो. आपलं बरं हाय."

आणि ते खरंच तिच्याशी बोलायचे. ती गाडी चालू करणं हा बघण्यासारखा प्रकार होता. चावी अर्धी फिरवून थांबायचं, किती थांबायचं ते त्यांनाच ठाऊक. मग ॲक्सिलरेटर थोडासा दाबून धरायचा आणि डावा हात डॅशबोर्डच्या खाली घालून कुठलीशी वायर चिमटीत पकडायची. दुसरा गिअर हवा असेल तर आधी तिसऱ्याला नुसतं टेकवून परत यायचं. डिझेलचा काटा कायमचा अर्ध्यावर रुसलेला. स्टिअरिंग इतकं जड, की बोळात गाडी वळवताना त्यांच्या दंडाच्या शिरा तटतटून दिसायच्या. पण हे सगळं ते बोलता बोलता, विडा लावावा इतक्या सहज करायचे. बघणाऱ्याला दिसायचं ते एवढंच, की गाडी चालू होते आणि वेळेवर पोचते. पंचक्रोशीत गाडीचं नाव झालं होतं. "गाडी घ्यावी तर बालाजीरावसारखी भरवशाची," असं लोक म्हणायचे, आणि ते ऐकून बालाजीराव गाडीच्याच अंगाला थोपटायचे.

एकदा जून महिन्यात, शाळा उघडायच्या आधी, मी हौसेने त्यांच्यासोबत किनवटकडे गेलो. मिरचीची रोपं होती. सागाच्या जंगलातून रस्ता, मोबाईलला रेंज नाही, आणि एका चढावर गाडीने मान टाकली. मी लगेच चेहरा पाडला. बालाजीरावांनी मात्र बोनेट उघडलं, वाकून थोडा वेळ नुसतं बघितलं आणि मला एकच काम दिलं: "सर, प्यायचं पाणी रोपांवर शिंपडा. आपण तहानेलं ऱ्हाऊ." डिझेलच्या नळीत हवा शिरत होती. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी नळीवर आवळून बांधली, इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप मारला, पुन्हा ती वायर, पुन्हा तो पाय... आणि गाडी चालू झाली. मी टाळ्या वाजवल्या. "ह्या जागी काम्पुटरची गाडी असती ना सर," ते फडक्याला हात पुसत म्हणाले, "तर आज आपण अस्वलासंगं जेवलो असतो." पुढे कितीतरी दिवस हा किस्सा ते सगळ्यांना सांगायचे आणि साक्षीदार म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचे. त्या वादात मी हरलो ते त्याच दिवशी, आणि मला त्याचं काही वाईटही वाटलं नाही.

यंदा ऊन तापायला लागलं आणि त्यांच्या छातीत दुखलं. लातूरच्या दवाखान्यात ठेवलं. रोपं मात्र थांबणार नव्हती, निलंग्याच्या एका शेतकऱ्याला टोमॅटोची रोपं द्यायची होती, म्हणून गफूर नावाच्या ड्रायव्हरला गाडीवर बसवलं. गफूर काही नवखा नव्हता, उसाच्या ट्रकवर त्याची उमर गेली होती. मी त्या दिवशी बालाजीरावांच्या खाटेजवळ बसलो होतो. दुपारी फोन आला. गाडी औशाच्या पुढे बंद पडली होती. एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात फोन, आणि बालाजीराव सांगतायत, "वायर धरली का? ती न्हाई, तिच्या मागची... आता पाय थोडा. थोडा म्हणलं की, दाबू नको..." गाडी चालू झाली. थोड्या वेळाने पुन्हा फोन. "आधी तिसऱ्याला टेकव. टाकू नको, नुसतं टेकव." शेवटी सिस्टरने येऊन फोनच काढून घेतला. मला हसू आवरेना. ते मात्र हसले नाहीत.  निम्मी रोपं माना टाकून पोचली असं संध्याकाळी कळलं. तेव्हा ते म्हणाले, "सर, तुमची गाडी ताई चालवतात ना?"

"चालवते की. माझ्यापेक्षा बरी."

"मधीच तुम्हाला काही विचारतात का?"

"विचारते कसली? मीच काही बोललो तर रागावते."

"आस्सं," म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, थकले.

घरी आल्यावर महिनाही झाला नसेल, त्यांचा फोन: लातूरला शोरूममध्ये जायचंय, तुम्ही चला. मी रजा टाकून गेलो, कारण हा माणूस शोरूमची पायरी चढणार हेच मला बघायचं होतं. मी मनाशी अंदाज बांधला, डॉक्टरांनी जड गाडी चालवू नका म्हणून सांगितलं असेल, हलकं स्टिअरिंग हवं असेल. पण तिथला प्रकार काही निराळाच. सेल्समन मुलगा बालाजीरावांकडे बघून सांगायला लागला की ते त्याला थांबवायचे, "त्यांना सांगा," आणि सुनंदाकडे हात करायचे. सुनंदाला स्कूटी येत होती, थोडाफार ट्रॅक्टर येत होता. तिला त्यांनी एकेका गाडीत बसवलं आणि स्वतः लांब जाऊन, चक्क पाठ करून उभे राहिले. मी म्हणालो, "अहो, इकडे तरी बघा." तर म्हणाले, "बघितलं की तोंड चालू होतं माझं." शेवटी त्या मुलाने मोठी स्क्रीन, कॅमेरा, काय काय सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं: "ह्यातलं काय बिघडलं तर गाडी जागेवर थांबती, अन् काय बिघडलं तरी घरापर्यंत येती? तेवढं वेगळं वेगळं करून सांगा." मुलगा गडबडला, आत जाऊन मेकॅनिकला घेऊन आला. मग तासभर सुनंदा, मेकॅनिक आणि ते असे तिघं बसले. हलकं स्टिअरिंग पाहिजे, मऊ क्लच पाहिजे, मोठी स्क्रीन नको, असं करत करत मधलं मॉडेल ठरलं. ठरवलं सुनंदाने. येताना मी त्यांना चिडवलं, "काय हो, आता अस्वलाचं काय?" ते म्हणाले, "अस्वलाचं बघू."

ती माझी त्यांची शेवटची भेट. म्हणजे प्रश्न विचारायची संधी होती आणि मी अस्वलाचा विनोद करत बसलो...

तेरावं झाल्यावर बायको बहिणीजवळ राहिली आणि मी एका रविवारी पुन्हा तिकडे गेलो. सुनंदा चाकूरकडच्या एका गावाला कोबीची रोपं द्यायला निघाली होती. मी शेजारी बसलो. तिने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, पट्टा लावला, चावी फिरवली, गाडी चालू. इतक्या सरळ चालू झाली की मला चुकल्यासारखं वाटलं. रस्त्यात तिने एका एसटीला मागे टाकलं, शेतकऱ्याला स्वतः फोन करून बांधाचा पत्ता विचारून घेतला, अरुंद वाटेवरून गाडी उलटी नेऊन अचूक विहिरीजवळ लावली. परत येताना मी न राहवून विचारलं, "सुनंदा, त्यांनी ही गाडी का घेतली गं?"

 ती समोर बघतच बोलायला लागली. "दवाखान्यातून आले अन् दुसऱ्याच दिवशी मला जुन्या गाडीवर बसवलं. म्हणले, चालव. मला तर स्टेरिंगच वळना. ते बाजूला बसून एक एक सांगाया लागले, हे धर, ते सोड. सांगता सांगताच गप झाले. म्हणले, 'सुनंदा, ही गाडी भरवशाची न्हाई बघ. इतकी वर्सं मलाच कळलं न्हाई. मी हाय तवरच ही चालती.' निलंग्याहून एक जण लई मागं लागला व्हता, विकत द्या म्हणून. त्याला म्हणले, 'गाडी न्या, पण तिच्यासंगं मी यायचा न्हाई. मंग काय करता?' न्हाईच दिली." ही नवी आल्यावर ते महिनाभर तिच्या शेजारी बसून गावोगाव फिरले. तोंडावर रुमाल दाबून बसायचे म्हणे, मधेच काही सांगितलं जाऊ नये म्हणून. ज्या दिवशी सगळी फेरी तिने काही न विचारता केली, त्या दिवशी घरी येऊन अंगणातच बसले आणि म्हणाले, "झालं आता."

मला कळायचं ते कळलं. फाट्यावरचा सगळा वाद त्यांनी एका बाजूला ठेवून दिला होता. जुनी गाडी टिकाऊ की नवी सोयीची, हा त्यांचा प्रश्नच उरला नव्हता. आपण नसताना सुनंदाची रोपं वाळू नयेत, एवढंच त्यांना बघायचं होतं, आणि ते त्यांनी आपला जन्माचा हट्ट मोडून जमवलं होतं. मला त्यांचा फार अभिमान वाटला. आणि खरं सांगतो, रागही आला. गाडी चालत होती, रोपं वेळेवर पोचत होती, फोन घेतले जात होते. एवढा मोठा माणूस गेला आणि कुठं काही अडलं नाही. ते त्यांनीच तसं करून ठेवलं होतं, तरी मला ते सहन होईना.

घरी आल्यावर सुनंदा ट्रे उतरवत होती तोवर मी लिंबाखाली गेलो. जुन्या गाडीला चावी तशीच लटकत होती. आत बसलो. चावी अर्धी फिरवली, थांबलो. किती थांबायचं? डावा हात खाली घातला तर वायरींचा गुंताच हाताला लागला. त्यातली एक धरली, पाय दाबला. इंजिन घरघरलं आणि बंद पडलं. दुसरी वायर धरून बघितली. पुन्हा तेच.

"ऱ्हाऊ द्या दाजी," सुनंदा रिकामे ट्रे घेऊन मागे येऊन उभी होती. "न्हाई व्हायची ती चालू."

"तुला नंतर शिकवलं नाही त्यांनी?"

"शिकवतो म्हणले व्हते. उगं पडून ऱ्हाईल, कधीमधी चालू करत जा म्हणले. मीच नको म्हणलं." ती ट्रेला चिकटलेली माती नखाने काढत होती. "मी म्हणलं, समदंच तुमच्यावाचून चालाया लागलं, तर मी तुम्हाला हाक कशाला मारू? एक तरी काम अडू द्या की माझं."

"मग? काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात... हसले. मंग चावी तशीच गाडीला लावून ठेवली."

ती ट्रे धुवायला हौदाकडे निघून गेली. मी तिथंच बसून राहिलो. मग पुन्हा एकदा चावी फिरवली. गाडी चालू झाली नाही, आणि मला बरं वाटलं.