पन्नाशीतले विद्यार्थी

भिलाईच्या कारखान्यातल्या लोकांना शिकवण्यात माझी अठरा वर्षं गेली. भट्टीवर आयुष्य काढलेला माणूस पन्नाशीत पुन्हा बाकावर बसवला, की किस्से आपोआप घडतात. लिहून ठेवावे लागत नाहीत. विसरतो म्हटलं तरी विसरता येत नाहीत!

*

कॉम्प्युटरचा पहिला दिवस. फिटर रामटेके काकांनी माऊस असा आवळला की बोटं पांढरी पडली.

म्हटलं, "काका, हळू धरा."

"हळू धरला तं निसटते न सर! पाना धरून तीस वर्षं झाली, मले नका शिकवू!"

*

ताणतणावावर बोलायला रायपूरहून एक प्राध्यापक आले. म्हणाले, "डोळे मिटा, मन शांत करा." पाच मिनिटांनी अर्धा वर्ग घोरायला लागला. ते एकेकाला हलवायला निघाले, तर पहिल्या बाकावरचा वेल्डर हळूच म्हणाला,

"उठवू नका साहेब. तुमचा विषय आता कुठं समजून राहिला त्याइले!"

*

आमचा एक तरुण इंजिनिअर शिकवायला उभा राहिला आणि समोर विद्यार्थी म्हणून त्याचेच वडील, गजभिये! वडिलांनी हात वर केला. "सर, एक शंका हाये."

"विचारा न बाबा."

"क्लासमध्ये बाबा नाही म्हनाचं."

पोराला घाम फुटला. "बोला, गजभिये."

गजभियेंनी बाकाखालून डबा काढला. "तुमची आई विचारून राहिली, हा घरीच कावून सोडून आले?"

*

प्रथमोपचाराच्या वर्गात एकदा सुनीता डोंगरे होत्या. नवरा घरीच, जेवता जेवता छातीत कळ येऊन गेला. त्याच्या जागी त्या नोकरीला लागल्या होत्या. वर्गात कधी बोलायच्या नाहीत.

त्या दिवशी जमिनीवर रबरी पुतळा होता. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची, ते मी दाखवलं. सांगितलं, "डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही."

सुनीताबाईंचा नंबर आला. आधी त्या पुतळ्याला हातच लावेनात. मग गुडघ्यावर बसल्या, पदर खोचला आणि दाबायला लागल्या. बरोबर दाबत होत्या. दोन मिनिटं झाली.

म्हटलं, "छान. थांबा आता."

थांबल्या नाहीत.

"सुनीताताई, झालं."

"कावून थांबू सर? तुमीच म्हनलं न, डॉक्टर येतपर्यंत थांबाचं नाही."

कपाळावरचा घाम पुतळ्यावर टपकत होता.

मागच्या बाकावरून क्रेनवाले मेश्राम काका उठले. सावकाश दाराशी गेले. दार उघडलं, बाहेरच्या रिकाम्या व्हरांड्याकडे पाहिलं आणि वळून म्हणाले,

"सुनीता, हात काढ आता बाई. डॉक्टर आले."