वरचा व्हरांडा

मंडळी, पुण्याहून आलेल्या आईला आज इथला, सिंगापूरमधला, इंग्रजांच्या काळातला एक जुना काळ्या-पांढऱ्या रंगाचा ब्लॅक अँड व्हाइट बंगला दाखवायला नेलं.

मागच्या दाराला रॅम्प होता. आत जाण्याआधी आईने मला तिच्या व्हीलचेअरची चाकं रुमालाने पुसायला लावली. "रस्त्यावरची चाकं तशीच लोकांच्या घरात न्यायची?"

लिफ्ट मात्र नव्हती, आणि बघण्यासारखा व्हरांडा नेमका वर! "तू जा, मला फोनवर दाखव," आई म्हणाली.

वर जाऊन व्हिडिओ कॉल लावला. झाडं दाखवली, लांबचा समुद्र दाखवला.

"पुण्यात रोज अशीच फोनवर दिसतेस गं," फोनमधली आई म्हणाली. "खाली ये ना."

धावत खाली आले.

महिनाभर तिला सिंगापूर दाखवत फिरले. परवा तिचं विमान आहे. आईशेजारी नुसतं बसायचं कधी, सांगा ना?