लाईनमनच्या घरातला इन्व्हर्टर

तेहतीस वर्षं विजेच्या खांबावर चढलो आणि तेवढी वर्षं घरात इन्व्हर्टर येऊ दिला नाही. लाईनमनच्या घरात इन्व्हर्टर म्हणजे आपल्याच कामावर आपला भरवसा नाही, अशी माझी समजूत. खानावळवाल्यानं शेजारच्या खानावळीत डबा लावावा, तसलं. बायकोनं कधी मागितला नाही. पुण्याला नोकरी करणारा मुलगा एकदा घेऊन द्यायला निघाला होता, तर मी त्याच्यावर असा डाफरलो की तो जेवता जेवता ताटावरून उठला.

मी निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं.

यंदा वळवाच्या पहिल्याच तडाख्यात गुलमोहराची फांदी तारांवर आली आणि ऐन दिवेलागणीला आमच्या गल्लीची लाईट गेली. तेव्हा मला कळलं, अंधारातलं माझं घर मी कधी पाहिलंच नव्हतं. लाईट गेली की मी घराबाहेर, हा जन्माचा शिरस्ता. निम्म्या कोल्हापूरचे ट्रान्सफॉर्मर तोंडपाठ आणि स्वतःच्या स्वयंपाकघरात काडेपेटी कुठं असते याचा पत्ता नाही! पाटाला ठेचकाळलो, तांब्या लवंडला, मोबाईल कुठं ठेवला तेही आठवेना. शेवटी भिंत धरत येऊन कॉटवर बसलो. दोन तास तसाच. राग आला, आणि तो माझाच आला. माझ्या ताठ्यापायी ही बाई इतकी वर्षं अशीच बसली असणार, एकटी. महापुरात तर मी चार-चार दिवस घरी फिरकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी तिची सगळी व्यवस्था शोधून काढली. बॅटरी स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला होती. आतले सेल पाझरून हिरवे पडलेले. मेणबत्त्या डालड्याच्या जुन्या डब्यात. काडेपेटी सादळू नये म्हणून पिशवीत गुंडाळून तांदळाच्या बरणीत खोवलेली. एकेक वस्तू तिच्या हाताच्या उंचीवर. मला प्रत्येक वेळी वाकावं लागत होतं. सेल बदलले, चार्जिंगचा दिवा आणला आणि एवढ्यावर मन भरेना म्हणून इन्व्हर्टरही आणला.

जोडायला आलेला वायरमन माझ्या ओळखीचाच. तो गालात हसला. "काका, तुमच्या घरात इन्व्हर्टर? आता जग बुडालं म्हणायचं की."

"हसू नको. जोड."

"पॉईंट कुठलं घ्यायचं? माणसं किती घरात?"

"एक."

"मग दोन बल्ब आन एक पंखा बास झाला की."

"सगळे घे," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि पिशवीतून वायरचं बंडल काढलं.

आठवड्याभरात पुन्हा वारं सुटलं आणि संध्याकाळी सातला लाईट गेली. गल्ली काळीठिक्कर आणि माझं घर लखलखीत. पाच मिनिटं बरं वाटलं. मग बाहेरून कड्या निघाल्याचे आवाज आले. माणसं दारात येऊन बसली, कुणीतरी खो-खो हसलं. मला कुणी हाक मारली नाही. उजेडातल्या माणसाला कशाला कोण हाक मारतंय? मी पंख्याखाली बसून ती हसणी ऐकत राहिलो आणि मला फार एकटं वाटलं. उठलो, इन्व्हर्टर बंद केला आणि पायरीवर जाऊन बसलो.

"काय ओ भावजी, आत्ताच बिघडला व्हय?" समोरच्या घरातल्या वैनींनी विचारलं. ही माझ्या बायकोची जिवाभावाची मैत्रीण.

"व्हय," मी थाप मारली.

त्या येऊन शेजारी टेकल्या. बराच वेळ मनात घोळत होतं ते मी बोलून टाकलं. "वैनी, माझ्या ताठ्यापायी ही लई अंधारात बसली ओ."

"तुमच्यापायी? अवो, तुमच्या माघारी पोरगं परत इन्व्हर्टर घेऊन आलतं. तिनंच न्हाय म्हणून त्याला माघारी धाडलं. म्हणाली, घरात उजेड हाय तसाच राहिला तर मला कळायचं कसं?"

"काय कळायचं?"

"तुम्ही खांबावरनं उतरलाय ते. हितंच बसायची, ह्या पायरीवर. तोंडात घास घ्यायची न्हाय. लाईट आली की म्हणायची, उतरले बघा. आन पळायची आत, तुमच्या अंघोळीचं पाणी तापवायला."

शेजारच्या घरांवरूनही कळलं असतं की, असं माझ्यातल्या लाईनमनच्या तोंडावर आलं होतं. गिळलं. घरी पोचायचो तेव्हा पाणी नेहमी कढत असायचं. इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नाही, तुला वेळ कशी कळते म्हणून. वाटायचं, बायकांना कळतं.

तेवढ्यात लाईट आली. गल्लीतली पोरं "आलीऽऽ" म्हणून ओरडली, टीव्ही सुरू झाले. वैनी गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि भाकरी टाकायच्या राहिल्यात म्हणत घरी गेल्या.

कुठल्यातरी खांबावरून कुणीतरी सुखरूप खाली उतरला होता.

मी आत आलो. इन्व्हर्टर बंदच राहू दिला. पातेलं भरून गॅसवर पाणी ठेवलं आणि ते कढेपर्यंत तिथंच उभा राहिलो. अंघोळ तर माझी सकाळीच झाली होती.