सात किलो सातशे

गिरिधरभाऊंनी मला एकदा साडेतीनशे ग्रॅमसाठी अडवलं होतं. जंगलात जायच्या दोन दिवस आधी त्यांच्या अंगणात सगळ्यांच्या पिशव्यांचं वजन होतं, आणि माझी पिशवी दोन संत्र्यांनी जड निघाली. मी चिडून तिथंच एक सोलायला घेतलं. तर म्हणाले, "पोटात घालून नेलं म्हंजे वजन कमी होते काय गा, अनंता? घरी ठेवून ये." घर शेजारच्याच गल्लीत, म्हणून मी तोंड न उघडता गेलो. नाहीतर त्या दिवशी आमचं बोलणं बंद झालं असतं.

हा माणूस हिंगण्याच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं वजनकाट्यावर होता. ट्रक आत येताना तोलायचा, बाहेर जाताना तोलायचा, आकडा लिहायचा. ड्रायव्हर लोक चहा पाजत, कुणी दिवाळीला मिठाईचा डबा आणून देई. भाऊ चहा प्यायचे, डबा परत करायचे आणि जो आकडा दिसेल तोच लिहायचे. मी त्याच कारखान्यात स्टोअरला होतो, आणि सांगतो, त्यांच्या काट्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. दोन वर्षांपूर्वी ते रिटायर झाले, पण काटा काही सुटला नाही. रद्दीवाल्यांकडे असतो तसा लटकता काटा त्यांनी कधीचाच विकत घेऊन ठेवला होता आणि तो टांगायला जयताळ्याच्या घरासमोरच्या पेरूच्या फांदीला लोखंडी आकडा ठोकला होता.

सोळा वर्षांपासून दर जानेवारीत एक शनिवार-रविवार आम्ही पाठीवर पिशवी टाकून जंगलात जातो. सावनेरच्या पलीकडे सालईटोला नावाचं गाव आहे. तिथली गावची समिती परवानगी काढून देते, सोबत वाटाड्या देते. नऊ किलोमीटर चालायचं, नाल्याकाठी समितीच्या तंबूत मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी परत. नियम दोनच. पिशवी आठ किलोंच्या वर नको, आणि ज्याचं ओझं त्यानंच न्यायचं. दुसरा नियम धर्मेंद्रमुळे झाला. धर्मेंद्र म्हणजे आमच्या कारखान्याचा फिटर, मनाचा मोठा आणि डोक्याचा जरा घाईचा. पहिल्याच वर्षी त्यानं हौसेनं दुसऱ्याची पिशवी गळ्यात अडकवली, नाल्यात पाय मुरगळून घेतला, आणि मग आम्ही तो आणि दोन्ही पिशव्या अशा तीन वस्तू उचलून आणल्या. तेव्हापासून भाऊ एका वहीत नावं आणि वजनं लिहितात. पहिल्या ओळीवर दर वर्षी त्यांचं स्वतःचं नाव असतं. नियम करणाऱ्याचं वजन आधी, असं त्यांचं म्हणणं.

त्या पिशव्यांमधलं निम्मं सामान भाऊंच्या बायकोच्या, प्रेमिलावहिनींच्या हातचं. तिखटमिठाच्या पुऱ्या, जवसाची चटणी, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी, माणशी मोजून. पण वहिनी स्वतः कधी आल्या नाहीत. आधी दहा वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या. मग मुलींच्या परीक्षा, मग मुलींची लग्नं. मग दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषधांनी केस गेले, पुन्हा आले, पहिल्यापेक्षा कुरळे आले. आता तब्येत चांगली आहे, फक्त सहा-सहा महिन्यांनी तपासणी असते. डाव्या हातानं जड उचलायचं नाही आणि त्या खांद्यावर पट्टा दाबू द्यायचा नाही, एवढं डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलेलं.

यंदा जानेवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं ओसरीवर बसलो होतो. कुणी पातेलं घ्यायचं, कुणी ताडपत्री, याची वाटणी सुरू होती. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कधी नव्हे त्या खुर्ची ओढून बसल्या.

"यंदा मी बी येऊन राहिली," त्या म्हणाल्या.

धर्मेंद्रनं ताबडतोब "चला ना, वहिनी!" म्हटलं. भाऊ वहीत बघत राहिले.

"खांद्याचं कसं करशीन?" ते म्हणाले. "पिशवी कशी नेशीन? पुढच्या वर्षी पाहू."

"मले पुढच्या वर्षाचं सांगू नोका." वहिनींचा आवाज चढला नाही, पण कप ठेवताना बशीवर वाजला. "दोन वर्सं दवाखान्यात तेच ऐकलं. पुढच्या महिन्यात पाहू, पुढच्या तपासणीत पाहू. सोळा वर्सं तुमी येऊन त्या नाल्याच्या गोष्टी सांगता. मले तो नाला पाह्याचा हाय. यंदा."

भाऊंनी वहीचं पान उलटलं. मला त्यांचा असा राग आला की चहा अर्धा टाकून उठलो. काय करायचाय असला नियम, जो बायकोला जंगलाच्या दारातच अडवतो? धर्मेंद्र रस्त्यानं म्हणाला, वहिनींची पिशवी आपण अर्धी अर्धी वाटून घेऊ. मी म्हटलं, तुला ओळखतो, पुन्हा पाय मुरगळून घेशील.

चार दिवसांनी चक्कीवर वहिनी भेटल्या. पिठाचा डबा डोक्यावर घेऊन, दोन्ही हात मोकळे सोडून, सरळ घराकडे चालल्या होत्या. आमच्या वस्तीत आता कुणी असं जात नाही, डबा स्कूटीवर पायांशी बसतो. मी थट्टा केली, "वहिनी, स्कूटी विकली काय?"

"चूप बस गा अनंता, मले बोलायले लावू नोको," म्हणाल्या, आणि मान जराही न वळवता पुढे गेल्या. मला वाटलं, घरी भांडण झालंय आणि त्या रुसून चालत आल्या. इतकंच माझं डोकं.

पुढच्या मंगळवारी भाऊंचा फोन आला. "प्रेमिला येऊन राहिली. डॉक्टरीणबाईनं बी हो म्हटलं."

"आणि नियम?" मी मुद्दाम विचारलं.

"ते तिचं ती नेईन," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी अंगणात वजन. माझी पिशवी सात नऊशे, धर्मेंद्रची आठ बरोबर, तीही तर्रीचा स्टीलचा डबा काढून ठेवल्यावर. दर वर्षी तो तर्री आणतो आणि दर वर्षी ती पेरूखालीच राहते. मग वहिनींची पिशवी. लहानशी, उजव्या खांद्यावर अडकवता येईल अशी. भाऊंनी ती काट्याला लावली न लावली आणि म्हणाले, "दोन तीनशे. पास."

"वहिनी, कंबल कुठं हाय तुमचं?" धर्मेंद्रनं विचारलं. "तिथं थंडी कडक राहते."

वहिनींनी भाऊंकडे पाहिलं. "पिशवी यायनं भरली. कंबल टाकलं म्हणत होते."

"हाय, हाय. चला, झालं," भाऊ म्हणाले आणि वही मिटायला लागले.

झालं कसं? त्यांची स्वतःची पिशवी अजून भिंतीला टेकून उभी होती, आणि वहीतली पहिली ओळ कोरी होती. सोळा वर्षांत असं घडलं नव्हतं. "राहू दे, माह्यं मले ठाव हाय," ते म्हणेपर्यंत धर्मेंद्रनं ती उचलून आकड्याला लावलीसुद्धा. फांदी वाकली. काटा तेरा किलोंच्या पुढे जाऊन थांबला.

एकतीस वर्षं ज्यांनी एक खोटा आकडा लिहिला नाही, ते भाऊ आमच्यासमोर चोरी पकडल्यासारखे उभे होते. साठी उलटलेला, एक गुडघा दुखणारा माणूस तेरा किलो घेऊन नऊ किलोमीटर चालणार होता, आणि वर ते वहीत लिहिणारही नव्हता. माझा त्यांच्यावरचा सगळा राग तिथंच विरघळला. वाटलं, जाऊन मिठी मारावी. पण भाऊ मिठी मारून घेणाऱ्यांतले नाहीत.

वहिनींनी पिशवी खाली घेतली आणि चेन उघडली. वर भाऊंचे कपडे, खाली वहिनींचं कंबल, स्वेटर, ताट-पेला, पाण्याची बाटली, पुऱ्यांचा डबा.

"हे काहून केलं?" त्यांनी विचारलं.

"तुले न्यायचं होतं," भाऊ म्हणाले. "तुह्या खांद्यावर वजन देता येत नाही, अन् नियम मोडता येत नाही. मंग मी काय करू वं?"

"म्हणून काटा खोटा करायचा?" वहिनींचे डोळे भरले होते, पण त्या रागावलेल्याही होत्या. "लोकाइले दोन संत्र्यांसाठी घरी पाठवलं तुमी. माह्यासाठी खोटं करसान तं मी तिथं पाहुणी म्हणून येईन. मले पाहुणी नाही व्हायचं. दोन वर्सं झाली, मले हातातली पिशवी बी कोणी उचलू देत नाही. दुकानदार देत नाही, पोरी देत नाही, तुमी देत नाही. थांबा जरा."

त्या आत गेल्या आणि एक जुनं लुगडं घेऊन आल्या. आपलं सगळं सामान, ती लहान पिशवीसुद्धा, त्यात घालून त्यांनी घट्ट गाठोडं बांधलं. भाऊंच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला, पिळून गोल वळवला आणि चुंबळ केली. ती डोक्यावर ठेवली. "अनंता, गाठोडं वर ठेवून दे. एवढं चालते, हमालाले बी कोणी वर ठेवून देते." मी ठेवलं. त्यांनी हात खाली सोडले आणि चालायला लागल्या. पेरूपासून फाटकापर्यंत, फाटकापासून नळापर्यंत, नळाची ओली पायरी चढून पुन्हा पेरूपर्यंत. भाऊ दोन्ही हात पुढे करून मागोमाग.

"हात लावू नोका," त्या म्हणाल्या. "नरखेडच्या बगिच्यातून संत्र्याच्या टोपल्या सडकेपर्यंत नेल्या मी. लगनापर्यंत. डॉक्टरीणबाईले डोक्यावरच्या डब्याचा फोटो दाखवला, मानेचा एक्स-रे काढला. हात वर ठेवायचा नाही अन् सुजला तं ओझं उतरवायचं, बस. तीन हप्ते झाले, तुमाले सांगायच्या बी आधीपासून, चक्कीचं पीठ डोक्यावर आणून राहिली. तुमचा नियम असा थोडीच हाय का पाठीवरच पायजे?"

मला चक्कीचा रस्ता आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

भाऊंनी गाठोडं उतरवून काट्याला लावलं. मग वहीत लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रेमिला, सात किलो सातशे. पास." मग स्वतःची पिशवी पुन्हा तोलली, आठ बरोबर भरली, तीही लिहिली. पंचा मात्र परत मागितला नाही.

शनिवारी सालईटोल्यापासून आम्ही निघालो. पाठीवर वजन असलं की माणूस वाकतो आणि पायांपुढची माती बघत चालतो. सोळा वर्षं आम्ही तिघांनी ते जंगल बहुतेक असंच पाहिलं. वहिनींना खाली मान घालताच येत नव्हती. म्हणून सांबर त्यांनी आधी पाहिलं, मोहाच्या झाडावरचं घुबडही त्यांनीच. "ते पाहा," म्हणून त्या नुसता उजवा हात करायच्या आणि आम्ही धापा टाकत माना वर करायचो. दर अर्ध्या तासाला भाऊ गाठोडं उतरवायला लावून त्यांचा हात बघायचे. नेहमी सगळ्यांत पुढे चालणारे भाऊ दोन्ही दिवस त्यांच्या मागं चालले. नाल्याशी पोचल्यावर वहिनींनी गाठोडं उतरवलं, पाण्यात पाय सोडले आणि म्हणाल्या, "तुमी सांगत होते त्याच्याहून लहान हाय." पण तिथून तासभर उठल्या नाहीत.

रविवारी दुपारी परतीच्या एसटीत भाऊ वही काढून बसले. त्यांची ती सवयच आहे, काय विसरलं, काय जास्त झालं, ते लिहायचं. "पुढच्या वर्षी..." असं म्हणाले आणि एकदम थांबले. माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. चूक झाली हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

वहिनींच्या मांडीवर गाठोडं होतं. त्यांनी बाहेर बघतच विचारलं, "पुढच्या वर्षी काय? बोला ना."

"पुढच्या वर्षी मार्चात जाऊ म्हणत होतो," भाऊ हळूच म्हणाले. "पळस फुलला राहते."

"मंग लिहा ना."

भाऊंनी कोरं पान काढलं. वर मार्च लिहिलं. मग पहिल्या ओळीवर, जिथं आजवर त्यांचं स्वतःचं नाव असायचं तिथं, त्यांनी प्रेमिला लिहिलं आणि पुढं वजनासाठी जागा सोडली.