धुतलेले पाय

नव्वदच्या दशकात आम्ही नवरा-बायको जुन्या मॅटाडोरमध्ये गाद्या टाकून डोंगरात मुक्कामाला जायचो. एकदा गागोद्याच्या वरच्या माळावर रात्रभर पाऊस झाला आणि सकाळी गाडीची मागची चाकं चिखलात रुतली. तेवढ्यात नव्या चपला हातात धरून एक म्हातारी आली. तिला पेणला लेकीकडे जायचं होतं. आमच्याच पाण्यानं तिनं पाय धुतले, चपला घातल्या आणि गाडीत जाऊन बसली.

"आजी, जरा उतरता का? गाडी ढकलायचीय."

"नाय गो, आताच पाय धुतलंय. तू ढकल."

हे स्टिअरिंगवर बसले, मी चाकांखाली दगड घालून मागून जोर लावला. गाडी निघाली आणि मी नखशिखांत चिखलानं माखले. तशीच चढायला गेले, तर आजींनी हात आडवा घातला.

"आधी पाय धू गो, गाडी घाण व्हईल!"

इतक्या हक्कानं मला सासूबाईंनीही कधी दारात अडवलं नव्हतं. मी मुकाट्यानं पाय धुतले.