लाल्याचं पथ्य

दादा गेल्याचा वहिनीचा फोन आला, त्याला आता महिना होत आला. भेटायला आलेले लोक त्याच्या कष्टांबद्दल बोलतात, वीस वर्षं लूमच्या खात्यात, यंत्रमागांपुढं उभं राहण्याबद्दल बोलतात. मला मात्र आठवतो तो लाल्याला जगवणारा दादा.

लाल्या म्हणजे आमचा कुत्रा. तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं, मी भेस्तानला, लूम कामगारांच्या चाळीत, दादा-वहिनीकडेच राहायचे. लाल्या खायचा थांबला, नुसता पाणी पीत सुटला, ओकायला लागला. दादानं त्याला पोत्यात गुंडाळून सायकलवरून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मूत्रपिंडं गेलीत, बरा होणार नाही, पण नीट सांभाळलात तर काही महिने काढेल, असं डॉक्टर म्हणाले. मटण बंद, मीठ बंद, मऊ भात न् दुधी, आणि रोज कातडीखाली सलाईन. दादा घरी आला तो लॉटरी लागल्यासारखा. "जगवता येतो म्हणे, शोभे!"

खिडकीच्या गजाला बाटली टांगायची, लाल्याच्या मानेमागची कातडी चिमटीत धरायची. लूमवर तुटलेला धागा शोधणारी दादाची ती बोटं, पहिल्याच दिवशी सुई बरोबर बसली. अख्खी चाळ दारात उभी राहून थेंब बघायची. लाल्या भात खाईना, तर दादा तोच अळणी भात त्याच्या शेजारी बसून खायचा. मग लाल्याही खायचा.

पण त्याच्या बरगड्या माझ्याच्यानं बघवेनात. आमच्या खानदेशात आजाऱ्याला बकऱ्याच्या पायाचा रस्सा देतात, त्यानं अंगात ताकद येते. एका रविवारी मोरीमागे नेऊन मी लाल्याला वाटीभर पाजला, वर नळीचं हाडही दिलं. त्यानं शेपूट हलवत वाटी चाटली, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

दुसऱ्या दिवशी लाल्या उठेचना, मुतेचना. दादानं विचारलं, मी खरं ते सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं खाड्याची पर्वा न करता घरी राहून दोन-दोन बाटल्या लावल्या, आणि माझ्याशी चार दिवस एक शब्द बोलला नाही. माझ्या हातून कुत्रं मरतंय, हेच माझ्या डोक्यात घोळत होतं.

पाचव्या सकाळी दादा धावत आत आला, वहिनीला ओलांडून थेट माझ्याकडे. "मुतला गं शोभे, खांबापर्यंत चालत जाऊन मुतला!" आम्ही दोघं वेड्यासारखे हसत सुटलो, हसता हसता मला रडू फुटलं.

त्यानंतर लाल्या आठ महिने जगला. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, आता सुया टोचून त्याला त्रास देऊ नका. त्या दिवशी दादानं स्वतः बाजारातून पाये आणले, मला रस्सा करायला लावला आणि वाटी निववून माझ्याच हातात दिली.

"आते तूच दे," तो आमच्या गावच्या बोलीत म्हणाला, "तुना हातनं त्याले गोड लागस."