मुलीच्या छातीतला आवाज

थोरली झाली तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो. माझे पाय सुजले म्हणून बाळंतपणाला माहेरी कोकणात जाणं रद्द झालं आणि घराजवळच्याच प्रसूतिगृहात मी बाळंत झाले.

मुलगी जांभळट जन्मली. उशिरा रडली, पण रडल्यावर अंग गुलाबी झालं. मी निश्चिंत झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकायला तिच्या छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली. मी उठून बसले.

"काय झालं हो?"

"ठोक्याबरोबर एक आवाज येतोय," त्या म्हणाल्या आणि खाटेवर टेकल्या. पोटात असताना बाळ श्वास घेत नाही, म्हणून त्याचं रक्त फुप्फुसांत फारसं न जाता एका आडवाटेनं पुढे जातं. जन्मल्यावर श्वास सुरू झाला की ती वाट आपोआप मिटते. "हिची अजून पुरती मिटलेली दिसत नाही. बहुतेक मिटेल."

"आणि नाही मिटली तर?"

"दूध पिताना दमते का, ओठ निळे पडतात का, तेवढं बघा. घाबरून जाऊ नका."

न घाबरायचं कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावर मी मुलीला घेऊन सारखी खिडकीशी बसायची, उजेडात ओठ नीट दिसावेत म्हणून. ती दूध पिताना जरा थांबली की माझाच श्वास अडकायचा. हे ऑफिसातून आले की दारातूनच विचारायचे, "कशी आहे?" चपला काढायचंही भान नसायचं.

सासूबाईंनी बाळाला धुरी द्यायला शेगडी पेटवली, तेव्हा मी पहिल्यांदाच त्यांना अडवलं. "आई, धूर नको. तिच्या हृदयात दोष असेल म्हणतात."

आता ऐकून घ्यावं लागणार, असं मला वाटलं. पण त्या शेगडी उचलून बाहेर ठेवून आल्या आणि माझ्याजवळ बसल्या.

"माझो पयलो झील असोच गेलो," त्या म्हणाल्या. "दूध पिता पिता काळो पडलो. कोणी काय सांगूक नाय."

यांच्याआधी एक मुलगा झाला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून माझा डोळा लागला की सासूबाई मुलीच्या ओठांकडे बघत बसत. बारशाचं नाव कुणी काढलं नाही.

पुन्हा दाखवायला गेलो, तेव्हा त्याही आल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ ऐकलं. "आवाज गेलाय. मिटली वाट."

"परत बघा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी न रागावता पुन्हा नळी लावली. "नाही हो आजी. अगदी स्वच्छ ठोके आहेत."

सासूबाई उठून व्हरांड्यात गेल्या आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी मुलीला पोटाशी धरून त्यांच्या मागे गेले. त्या रडत होत्या. मग मलाही राहवलं नाही.